‘दोन हाय पॉवरच्या द्या’ : अँटिबायोटिकबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव जिल्ह्यात, चोपडा तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावात माझं मेडिकल आहे. वीसेक वर्षं काउंटरमागे उभा आहे, आणि रोज तेच ते प्रश्न येतात, काही समोर उभं राहून, काही रात्री अकराला व्हॉट्सॲपवर, गोळीच्या अर्ध्या फाटक्या स्ट्रिपचा फोटो आणि खाली ‘ही चालेल का?’. म्हणून सगळे एकदाच लिहून ठेवले. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही, तेव्हा तुमचा डोस इथे ठरणार नाही. गावातल्या दोन डॉक्टरांना आणि एका जनावरांच्या डॉक्टरांना वाचून दाखवलंय, त्यांनी जिथे जिथे कान पिळला तिथे दुरुस्त केलंय.

१. अँटिबायोटिक म्हणजे नेमकं काय? तापाची गोळी पण अँटिबायोटिकच ना?

नाही. पॅरासिटामॉल ताप उतरवते, अंगदुखी कमी करते, जंतूला ती बोट पण लावत नाही. अँटिबायोटिक म्हणजे बॅक्टेरिया नावाच्या जंतूंना मारणारं किंवा त्यांची वाढ थांबवणारं औषध. अमॉक्सिसिलिन, ॲझिथ्रोमायसिन, सेफिक्झिम, सिप्रोफ्लॉक्सासिन, डॉक्सीसायक्लिन ही नेहमीची नावं. आपल्याकडे यालाच ‘हाय पॉवरची गोळी’ म्हणतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो, कारण लोकांना वाटतं साधी गोळी लागू नाही पडली की त्याच्या वरची घ्यायची. यात वरची-खालची भानगड नाही. कुलूप वेगळं तर किल्ली वेगळी.

२. मग सर्दी-तापाला ती का नाही चालत? सर्दी पण जंतूनेच होते ना?

जंतूनेच होते, पण तो व्हायरस. सर्दी, फ्लू, बहुतेक घसादुखी, डेंग्यू, चिकनगुनिया, गोवर हे सगळे व्हायरसचे आणि अँटिबायोटिक व्हायरसवर काम करत नाही. कोरोनात गावोगाव ॲझिथ्रोमायसिनच्या स्ट्रिपा संपल्या, मी स्वतः खोक्याने मागवल्या, आणि नंतर ब्रिटनच्या रिकव्हरी ट्रायलमध्ये दिसलं की हॉस्पिटलात भरती झालेल्या कोरोना पेशंटला तिचा काही फायदा नाही.

केळीवाल्यांना हे पटकन समजतं. रावेर-यावल पट्ट्यात केळीवर हरण्या आला, म्हणजे सीएमव्ही (ककुंबर मोझॅक व्हायरस), तेव्हा कितीतरी जणांनी स्ट्रेप्टोची, म्हणजे पिकावर फवारायच्या अँटिबायोटिकची, पुडी मारून पाहिली. काय झालं? काही नाही. तो व्हायरस, माव्याने पसरणारा, शेवटी रोपं उपटूनच टाकावी लागली. पुडी मारली याचं समाधान तेवढं मिळालं. सर्दीत अँटिबायोटिक खाणं तसंच आहे.

३. रेझिस्टन्स म्हणजे शरीराला गोळीची सवय होते, बरोबर?

हा गैरसमज शिकलेल्यांमध्ये पण आहे. सवय तुमच्या शरीराला लागत नाही, जंतू बदलतात, औषधाला जुमानेनासे होतात. म्हणून ‘मी तर वर्षात एक पण गोळी घेत नाही, मला लगेच लागू पडेल’ याला अर्थ नाही. तुमच्या अंगात शिरलेला जंतू दुसऱ्या कोणाच्या अंगात चार औषधं पचवून आलेला असू शकतो.

आपल्या खान्देशात हे समजावायला गुलाबी बोंडअळी पुरेशी आहे. २००२ ला बीटी कपाशी आली, २००६ ला दोन जीनवाली आली, सुरुवातीला अळी दिसायची नाही. पाकिटासोबत नॉन-बीटी बियाण्याचं छोटं पाकीट यायचं, कडेने लावायला, साध्या अळ्या पण टिकून राहाव्यात म्हणून, आपण ते बांधावर फेकलं. लाखो अळ्यांत एखादी अशी असते की तिला बीटीचं विष सहन होतं. बाकीच्या मेल्या, ती राहिली, तिची पोरं राहिली, वर्षानुवर्षं हेच झालं आणि २०१७ ला बोंडं फोडली तर आत सगळीकडे गुलाबी. कपाशीला बीटीची सवय झाली का? नाही ना. अळी बदलली.

जंतूंचं याहून अवघड. अळीची पिढी महिन्याभराची, जंतू अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. शिवाय बोंडअळी आपला गुण मक्याच्या लष्करी अळीला देऊ शकत नाही. जंतू देतात, एका जातीचा जंतू दुसऱ्या जातीच्या जंतूला रेझिस्टन्सचा जीन सरळ देऊन टाकतो, घरची वाटी शेजारी द्यावी तसा.

४. मी एकट्याने दोन गोळ्या खाल्ल्या तर असा काय फरक पडणार आहे?

‘काही नही व्हत भो’ हे मी रोज ऐकतो. गोळी घशासाठी घेतली तरी ती पोटात, आतड्यात, चामडीवर सगळीकडे जाते आणि तिथले अब्जावधी जंतू, ज्यांचा तुमच्या घशाशी संबंध नाही, त्यांच्यात पण निवड होते, कमजोर मरतात, निगरगट्ट उरतात. ते संडासवाटे, हातावाटे, पाण्यावाटे घरात आणि गावात फिरतात. तुमची बीपीची गोळी तुम्ही चुकवली तर नुकसान तुमचं. अँटिबायोटिक हे एकच औषध असं की खाणारा एक आणि भोगणारा दुसराच.

जगभरात २०१९ या एका वर्षात साधारण १२ लाख ७० हजार मृत्यू थेट औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंमुळे झाले असा अंदाज आहे. आणि पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगनेच १९४५ च्या नोबेल भाषणात सांगून ठेवलं होतं, की औषध दुकानात सहज मिळायला लागलं की लोक कमी डोस घेतील आणि जंतू निर्ढावतील. माझं दुकान तेव्हा नव्हतं, पण माणूस माझ्याच काउंटरकडे बघून बोलल्यासारखा वाटतो.

५. स्ट्रिपवरची लाल उभी रेघ म्हणजे अँटिबायोटिक का?

रेघ म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. सगळी लाल रेघवाली औषधं अँटिबायोटिक नसतात, शुगर-बीपीच्या कितीतरी गोळ्यांवर पण ती असते. २०१६ ला सरकारने अँटिबायोटिक जपून वापरा म्हणून याच रेघेवरून जाहिरात केली होती म्हणून लोकांच्या डोक्यात दोन्ही एक झालंय. त्याशिवाय काही स्ट्रिपवर लाल चौकटीत इशारा असतो, ती औषधं शेड्यूल एच वन मधली. त्याचं पुढच्या प्रश्नात.

६. चिठ्ठी कशाला? आतापर्यंत तर अशीच मिळत होती.

मिळत होती, खरं आहे. कायद्याने अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय देता येतच नाही, आणि १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच वन लागू झालं, त्यात तेव्हा ४६ औषधं, टीबीची औषधं आणि सेफिक्झिमसारखी बरीच अँटिबायोटिक त्यात आहेत. ती विकली की वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं हे लिहायचं, रजिस्टर तीन वर्षं जपायचं. म्हणून मी नाव विचारतो तेव्हा काही जण ‘कशाला, आधार कार्ड पण देऊ का’ म्हणून चिडतात. लिहितोय ते रजिस्टरसाठीच, दादा.

७. शेंबूड हिरवा झालाय, घसा बसलाय, खोकला आठ दिवसांचा आहे, अजून पण थांबायचं?

हिरवा-पिवळा रंग म्हणजे बॅक्टेरियाच असं नाही, आपल्याच पांढऱ्या पेशी त्यात येतात म्हणून रंग बदलतो. साधी सर्दी सात ते दहा दिवस चालते आणि तिच्या मागून आलेला खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो, कपाशी वेचणीच्या आणि गहू काढणीच्या दिवसांत धुळीने अजून लांबतो. वाफ, कोमट पाणी, मिठाच्या गुळण्या, आराम. एक अपवाद लक्षात ठेवा: पोराला ताप आहे, गिळताना दुखतंय, टॉन्सिलवर पांढरे ठिपके, गळ्याला गाठी, आणि खोकला-सर्दी मात्र नाही, तर तो स्ट्रेप नावाचा बॅक्टेरिया असू शकतो, त्याला अँटिबायोटिक लागतंच, दुर्लक्ष केलं तर पुढे हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात. हे डॉक्टरने घशात बॅटरी मारून बघायचं, फोटो पाठवून नाही. खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला तर प्रश्न १८ वाचा.

८. मागच्या वर्षीची चिठ्ठी आहे, आजार पण तोच आहे, त्यावर द्या ना.

आजार तोच वाटतो, तोच असतो असं नाही. चिठ्ठी त्या दिवसाच्या ताप-नाडीवर लिहिलेली असते. आणि डब्यात उरलेल्या चार गोळ्या? त्या उरल्या याचाच अर्थ मागच्या वेळी कोर्स अर्धा सोडला. आईच्या गोळ्या पोराला, पोराच्या सिरपचे दोन चमचे आजोबांना, हे तर अजिबात नको. उरलेल्या उकिरड्यावर फेकू नका, तिथे शेळ्या-कोंबड्या तोंड घालतात, मोरीत पण ओतू नका. स्ट्रिपमधून काढून राखेत किंवा मातीत कालवून पिशवीला गाठ मारून कचरा गाडीत द्या.

९. तीन दिवसांत बरं वाटलं, पाच दिवसांच्या लिहिल्यात, बंद करू का?

स्वतःच्या मनाने नको, डॉक्टरला एक फोन करा. याबाबत पूर्वी सगळे एकच वाक्य म्हणायचे, कोर्स पूर्ण करा नाहीतर रेझिस्टन्स येईल. आता थोडं बारकाईने बघितलं जातं. बऱ्याच साध्या इन्फेक्शनला कमी दिवसांचा कोर्स पुरतो, न्यूमोनियाच्या बऱ्याच पेशंटना पाच दिवस बस होतात, आणि गरजेपेक्षा लांब कोर्सने आतड्यातल्या जंतूंना उगीच जास्त दिवस शिकवणी मिळते (प्रश्न ४). म्हणून डॉक्टर ‘आता बस’ म्हणाले तर घाबरू नका. पण घशाच्या स्ट्रेपला पेनिसिलिन दहा दिवस देतात ते झडपांसाठी, टायफॉईडमध्ये ताप गेल्यावर पण चालू ठेवतात, आणि टीबीत तर एक दिवस पण सोडायचा नाही. कुठल्या आजाराला किती, हे तुम्हाला-मला घरबसल्या ठरवता येत नाही, एवढाच मुद्दा आहे.

ॲझिथ्रोमायसिन तीनच दिवसांची देतात म्हणून लोकांना वाटतं डॉक्टर विसरले. ती अंगात नंतर पण काही दिवस टिकून राहते.

१०. दोन दिवस गोळी चालू आहे, ताप उतरत नाही. अजून हायवाली घेऊ? लॅबवाल्याने टायफॉईड पॉझिटिव्ह सांगितलाय.

थांबा. टायफॉईड खरंच असेल आणि औषध बरोबर असेल तरी ताप उतरायला चार-पाच दिवस लागतात. दोन दिवसांत डॉक्टर बदलायचा, तिसऱ्याने तिसरं अँटिबायोटिक लिहायचं, यात नक्की काय लागू पडलं ते कोणालाच कळत नाही.

आता ‘टायफॉईड निघाला’ याबद्दल. आपल्याकडे पावसाळ्यात निम्म्या गावाला टायफॉईड ‘निघतो’. बहुतेक वेळा ती विडाल टेस्ट असते, ती जंतू शोधत नाही, अंगातल्या अँटिबॉडी मोजते, आणि त्या जुन्या इन्फेक्शनच्या, लसीच्या, कधी दुसऱ्याच तापाच्या असू शकतात. एकाच विडालवर आठवडाभर सलाईनमधून इंजेक्शन घेऊन आलेले पेशंट मी पाहिलेत, पुढे डेंग्यू निघाला. पक्कं सांगते ती रक्ताची कल्चर टेस्ट, आणि ती अँटिबायोटिकचा पहिला डोस घ्यायच्या आधी केली तर जास्त कामाची, एक गोळी पोटात गेली की जंतू सापडायचे चान्स कमी होतात. डॉक्टरला सरळ विचारा, कल्चर करायचं का. विचारल्याने कोणी रागवत नाही, रागावले तर रागावू द्या.

११. एक डोस विसरलो.

आठवलं की घ्या. पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर विसरलेला सोडा. दोन एकदम घेऊ नका.

१२. ही गोळी गरम पडते म्हणतात, दूध-दह्यासोबत घेतली तर?

‘गरम पडते’ म्हणजे बहुतेक वेळा मळमळ, जुलाब, तोंड येणं. अँटिबायोटिक आतड्यातले चांगले जंतू पण मारते त्याचा तो परिणाम. दही-ताक खायला हरकत नाही, पण डॉक्सीसायक्लिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिन दुधा-दह्यासोबत घेतली तर कॅल्शियम तिला धरून ठेवतं आणि औषध रक्तात कमी जातं, दोन तासांचं अंतर ठेवा, कॅल्शियम-लोहाच्या गोळ्यांना पण तेच. डॉक्सी पूर्ण ग्लासभर पाण्यासोबत घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत चिकटून आतून भाजल्यासारखं होतं. दारूचं विचारणारे जरा हळू आवाजात विचारतात: मेट्रोनिडाझोल, टिनिडाझोलसोबत घेऊ नका, उलट्यांनी हैराण होऊ शकता.

१३. पोराचं पावडरचं सिरप कसं बनवायचं? उरलं तर पुढच्या वेळी चालेल?

यात इतक्या चुका होतात की मी आता काउंटरवरच बनवून देतो. आधी बाटली उलटी-सुलटी करून तळाची पावडर मोकळी करा. उकळून पूर्ण गार केलेलं पाणी बाटलीवरच्या बाणाच्या थोडं खाली ओता, झाकण लावून जोरात हलवा, फेस बसू द्या, मग बाणापर्यंत पाणी आणा आणि परत हलवा. एका बाईंनी सगळी पावडर एका वाटीत काढून चिमूटभर मधात चाटवली होती तीन दिवस. दुसऱ्या घरी पाणी मानेपर्यंत भरलं, म्हणजे पोराला रोज अर्धाच डोस.

प्रत्येक वेळी द्यायच्या आधी बाटली हलवायची, औषध खाली बसतं. घरचा चमचा वापरू नका, कोणाच्या घरचा तीन एमएलचा कोणाच्या घरचा आठचा, सोबतचं माप किंवा सुई नसलेली सिरिंज घ्या. डोस वजनावर असतो, म्हणून मोठ्या भावाचं माप धाकट्याला लावायचं नाही. बनवलेलं सिरप पाच-सात दिवसच टिकतं, लेबलवर लिहिलंय तसं, काही फ्रिजमध्ये ठेवावी लागतात. मे महिन्यात आपल्याकडे ४५ डिग्री असतं आणि खिडकीतल्या बाटलीचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. उरलेलं पुढच्या वेळेसाठी ठेवू नका, प्रश्न ८ मध्ये सांगितलंय तसं राखेत-मातीत कालवून टाका.

१४. लग्नात वरण-बट्टी जेवलो, रात्रीपासून जुलाब. ती दोन औषधांची मिक्स गोळी द्या.

बहुतेक जुलाब आपोआप थांबतात, त्यात मारतं ते पाणी कमी होणं. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, अर्धं अर्धं करून नाही, घोट घोट. डब्यातलं गोड ज्यूस म्हणजे ओआरएस नव्हे. लहान पोराला सोबत १४ दिवस झिंक, ते जुलाब थांबले तरी चालू ठेवायचं. अँटिबायोटिक कधी? शौचात रक्त, सोबत ताप, किंवा तांदळाच्या धुवणासारखे पाणीच पाणी जुलाब, मग दवाखाना, आणि तो पण लगेच.

१५. लघवीला जळजळ होते, रिपोर्टमध्ये आर आणि एस लिहिलंय ते काय?

तो लघवीचा कल्चर रिपोर्ट. तुमच्या लघवीतला जंतू वाढवून त्यावर एकेक औषध लावून बघतात. एस म्हणजे त्या जंतूवर चालतं, आर म्हणजे रेझिस्टंट. दोन-तीन दिवस लागतात, तोपर्यंत डॉक्टर अंदाजाने सुरू करतात आणि रिपोर्ट आल्यावर बदलू शकतात, तेव्हा रिपोर्ट आणून दाखवा, गादीखाली ठेवू नका. आतल्या आर-एसच्या रांगा बघाल तर सिप्रोफ्लॉक्सासिनपुढे आर इतक्यांदा दिसतो की बोंडअळी आठवते.

एक आडवळणाची गोष्ट: त्रास काहीच नाही आणि चेकअपमध्ये लघवीत जंतू सापडले, तर बहुतेकांना औषध लागत नाही. गरोदर बाईला मात्र लागतं. आणि गरोदरपणात डॉक्सी किंवा सिप्रो गटातलं नेहमी टाळतात, म्हणून दिवस गेलेत हे मेडिकलवर सांगायला लाजू नका.

१६. रोजा चालू आहे आणि गोळी दिवसातून तीन वेळा लिहिलीय.

तीन गोळ्या सहेरी-इफ्तारीत वाटून मनाने घेऊ नका, औषधाचं रक्तातलं प्रमाण मध्येच खाली जातं आणि जंतूला तेवढाच श्वास घ्यायला वेळ मिळतो. डॉक्टरला सांगा, दिवसातून एकदा किंवा दोनदा घ्यायचं औषध बऱ्याच वेळा असतं. चातुर्मासातल्या कडक उपवासवाल्यांना पण हेच.

१७. मागे एका गोळीने अंगावर पित्त उठलं होतं. आता काय सांभाळायचं?

त्या गोळीचं नाव. ‘लाल-पांढरी कॅप्सूल होती’ याने काही कळत नाही. ही माझी चूक सांगतो: बऱ्याच वर्षांपूर्वी ओळखीच्या माणसाला दाढ दुखतेय म्हणून चिठ्ठीशिवाय अमॉक्सिसिलिन दिली, पेनिसिलिनची ॲलर्जी आहे का विचारलं नाही. अर्ध्या तासात ओठ सुजले, दम लागला, भावाने मोटरसायकलवर मध्ये बसवून दवाखान्यात नेलं, इंजेक्शन वेळेत मिळालं म्हणून वाचला. त्या दिवसापासून मी आधी विचारतो. तुम्हाला असं झालं असेल तर नाव कागदावर लिहून पाकिटात ठेवा, मोबाईलच्या कव्हरमागे ठेवा. पण नुसते जुलाब किंवा मळमळ झाली असेल तर ती ॲलर्जी नाही, तसं लिहून ठेवलंत तर उद्या गरज पडल्यावर चांगलं स्वस्त औषध हातचं जातं.

१८. टीबीच्या गोळ्यांनी दोन महिन्यांत वजन वाढलं, खोकला गेला. पुढचे चार महिने कशाला?

कारण जंतू झोपून राहतात. स्ट्रेप्टोमायसिन १९४० च्या दशकात आली तेव्हा ती एकटी द्यायचे, पेशंट सुधारायचे आणि काही महिन्यांत जंतू तिला जुमानेनासे व्हायचे. तिथूनच शिकले की एकापेक्षा जास्त औषधं एकत्र मारायची, एकाला चुकवणारा जंतू दुसऱ्यात सापडावा म्हणून. साधा कोर्स सहा महिन्यांचा. मध्ये सोडला आणि एमडीआर टीबी, म्हणजे नेहमीच्या औषधांना न जुमानणारा टीबी, झाला तर औषधं जास्त जड आणि तोच जंतू घरच्यांना. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासा, तपासणी-औषधं फुकट, आणि नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठी महिन्याला हजार रुपये खात्यात येतात. ऊसतोडीला किंवा सुरतला कामाला निघालात तर कार्ड सोबत न्या, तिकडच्या केंद्रावर औषध पुढे चालू राहतं.

१९. नायट्याला ते मिक्स मलम लावलं की दोन दिवसांत थांबतं, मग परत का येतं?

त्यात स्टेरॉईड असतं. ते खाज-लाली दाबतं, बुरशी खालून पसरत राहते. नायटा बुरशीचा, त्याला अँटिबायोटिकचा उपयोग नाही, आणि त्या मलमात स्टेरॉईड, अँटिबायोटिक, बुरशीचं औषध सगळंच खिचडी केलेलं असतं. आता बुरशी पण निर्ढावलीय, भारतात सापडलेल्या एका प्रकाराला २०२० ला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं नावच मिळालं, नेहमीचं टर्बिनाफिन तिच्यावर बऱ्याच वेळा चालत नाही. चामडीच्या डॉक्टरला दाखवा, घरातल्या सगळ्यांना दाखवा, टॉवेल वेगळे, कपडे उन्हात. ऊन आपल्याकडे फुकट आहे.

२०. म्हशीला दगडी (कासेला सूज) झाली, कासेत ट्यूब सोडलीय. दूध डेअरीला घालू का?

नाही, आणि घरी पण पिऊ नका. ट्यूबच्या लेबलवर किती दिवस दूध धरायचं नाही ते लिहिलेलं असतं, चारी सडांचं दूध बाजूला काढायचं, एकाच सडात औषध असलं तरी. लेबलवर काही नसेल तर नियमाने कमीत कमी ७ दिवस, मांसासाठी २८ दिवस. उकळल्याने औषध जातं असं समजू नका. माझ्या मावशीच्या घरी एकदा तीन दिवस दही लागलं नाही, विरजण बदललं, भांडं बदललं, सुनेला बोलणी बसली, मग कळलं की म्हशीला ट्यूब चालू होती. दूध दह्याचे जंतू मारत होतं, तेच ते पोराच्या पोटात पण करणार.

२१. कोंबडीत पण अँटिबायोटिक असतं म्हणतात, खायची का नाही?

नीट शिजवून खा. शिजवल्याने जंतू मरतात, रेझिस्टंट असले तरी मरतात. कच्चं मटण-चिकन कापलेल्या पाटावर कोशिंबीर चिरू नका, हात धुवा. काही ठिकाणी कोंबड्या लवकर भराव्यात म्हणून खाद्यात औषध घालायची पद्धत होती, माणसाचं शेवटचं राखून ठेवलेलं कोलिस्टिन सुद्धा, त्यावर जुलै २०१९ मध्ये देशभर बंदी आली. नवापूरच्या पोल्ट्रीवाल्यांना तर विचारूच नका, फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू तिथेच सापडला, आणि तो पण व्हायरसच.

२२. डाळिंबावर स्ट्रेप्टो मारतो, त्याचा माणसाशी काय संबंध?

पुडीत स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन असतं, दोन्ही माणसाची औषधं. फवारा मातीत-विहिरीत जातो, तिथल्या जंतूंची शिकवणी सुरू होते, आणि ते गुण कसे वाटले जातात ते प्रश्न ३ मध्ये आहे. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने शेतीतला हा वापर बंद करायचा मसुदा काढला होता. तेल्याने, म्हणजे डाळिंबाच्या बॅक्टेरियाच्या रोगाने, बाग गेलेल्या माणसाला मी काय उपदेश करणार, पण हरण्यावर तरी मारू नका, पैसे पाण्यात.

२३. खिशात पन्नास रुपये आहेत, पूर्ण कोर्स परवडत नाही. दोन दिवसांच्या देता का?

हा प्रश्न विचारणारा अडाणी नसतो, त्याची आजची मजुरी बुडालेली असते. त्याला लेक्चर देणाऱ्यांचा मला राग येतो. आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, तिथे लिहिलेलं औषध तिथेच फुकट मिळतं. बाहेर घ्यायचं तर डॉक्टरला सांगा, स्वस्तातलं लिहा, जनऔषधीतलं पण औषध तेच असतं. कुठूनही घ्या, पक्कं बिल घ्या, त्यावर बॅच नंबर असतो. आणि ओळखीच्या माणसाला मी पूर्ण कोर्स उधार देतो, वही भरलीय, चालायचंच.

२४. सगळं ‘थांबा थांबा’च सांगताय. थांबायचं नाही असं काही आहे का?

आहे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप, किंवा अंग गार पडलंय, दूध ओढत नाही: एक तास पण थांबू नका. पोराला धाप लागलीय असं वाटलं तर सदरा वर करा, तो शांत असताना पूर्ण एक मिनिट पोट वर-खाली किती वेळा होतं ते मोजा. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जातो, तर न्यूमोनिया असू शकतो. मोठ्या माणसांत ताप आणि भान हरपणं, मान आखडणं, लघवी बंद होणं, शुगरवाल्याच्या पायाची जखम काळी पडणं.

मागच्या थंडीत वरच्या पाड्यावरून एक बाप आला, ‘पोऱ्याले ताप शे भो, दोन गोया दी दे’. पोरगं मागे बायकोच्या कडेवर घोंगडीत. मी मोबाईल काउंटरवर ठेवला, घड्याळ चालू केलं, दोघांनी मिळून मोजलं. अठ्ठेचाळीस. पोरगं अडीच वर्षांचं. त्याने माझ्याकडे बघितलं, मी शटर अर्धं ओढलं आणि समोरच्या रिक्षावाल्याला हाक मारली.